रूट ६६ चा वाळवंटातला पट्टा एकटीने करायचाय, नोव्हेंबरमध्ये, एलएपासून

मुलुंडवाली
नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामासाठी नोव्हेंबरच्या मध्याला लॉस एंजेलिसला जातेय, काम संपल्यावर पुढे तीन-चार दिवस रजा टाकलीये आणि डोक्यात कधीपासून रूट ६६ हा अमेरिकेतला जुना हायवे बसलाय. अख्खा शिकागो ते सांता मोनिका नाही हां, तो चार हजार किमीच्या आसपास आहे आणि तेवढी रजा आमचा मॅनेजर या जन्मात देणार नाही, फक्त वाळवंटाचा भाग, मोहावी आणि अ‍ॅरिझोना. एकटीच असेन. गाडी रोज चालवते, मुलुंड ते बीकेसी, गोवा आणि महाबळेश्वरही एकटीने केलंय, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी चालवली नाही. तर नक्की कुठला पट्टा घेऊ, कारण मॅपवर बघते तर हा रस्ता मध्येच आय-४० या नव्या हायवेखाली गडप होतो आणि परत कुठेतरी उगवतो? आरटीओचं इंटरनॅशनल परमिट लागतंच का? आणि एकट्या बाईने जाणं कितपत ठीक, आईचं आत्तापासूनच "कोणाला तरी सोबत ने गं" चालू झालंय. व्हेज आहे, अंडं चालतं.

खडूस_दादरकर
एवढे डॉलर जाळून वाळवंटच बघायचं तर गाडी काढा आणि कच्छला जा. खावडा ते धोलावीरा, दोन्ही बाजूंना पांढरं रण आणि शेवटी हडप्पा काळातलं शहर, तुमच्या रूट ६६ पेक्षा चारेक हजार वर्षं जुनं. वर बाजरीचा रोटला मिळतो. बाकी चालू द्या.

गिरगाव_टू_इर्व्हाइन
काका, ती ऑफिसच्या तिकिटावर जातेय, डॉलर कंपनीचे जळतायत :)

ताई, मी इकडे बरीच वर्षं आहे, पाहुणे आले की हाच रस्ता दाखवतो, त्यामुळे सरळ सांगतो. ओटमनचा घाट आणि मग किंगमन ते सेलिगमन, एवढं धर, बाकी सगळं वेळ उरला तर. एलए ते बार्स्टो १८५ किमी आहे, त्यात जुना रस्ता शोधत बसलीस तर सिग्नल आणि मॉल बघण्यात दिवस जाईल, आय-१५ ने काहोन पास चढ, बार्स्टोला आय-४० धर आणि थेट नीडल्स. कोलोरॅडो नदी ओलांडली की अ‍ॅरिझोना.

ओटमन हे सोन्याच्या खाणींचं गाव. खाणवाल्यांची गाढवं मागे राहिली, त्यांची पिल्लावळ आता मेन रोडवर उभी असते आणि काच खाली असली तर सरळ आत तोंड घालते. खायला देऊ नकोस, चावतात. पुढे सिटग्रीव्हज पास, अरुंद, हेअरपिनवर हेअरपिन, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, ४० फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. १९५२ पर्यंत हाच मेन हायवे होता बरं का! १९३० च्या दशकात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठलेली शेतकरी कुटुंबं घरदार गाडीवर बांधून इथूनच कॅलिफोर्नियाला गेली. तेव्हाच्या काही गाड्यांत पेट्रोल टाकीतून इंजिनात नुसतं उतारानं यायचं, चढावर टाकी खाली आणि इंजिन वर झालं की गाडी बंद, म्हणून लोक हा घाट रिव्हर्समध्ये चढायचे. नाहीतर गावातल्या माणसाला पैसे देऊन गाडी वर न्यायला लावायचे. तू आरामात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा स्पीड ठेव, फक्त उजेडात जा.

किंगमन ते सेलिगमन जुन्या रस्त्याने १४० किमी, आय-४० ने ११० च्या आसपास. आय-४० ने खालून शॉर्टकट मारला म्हणून हा वरचा वळसा जुना तसाच टिकून राहिला. वाटेत हॅकबेरीचं जनरल स्टोअर, ट्रक्स्टन, मग पीच स्प्रिंग्ज, हे हुआलापाय आदिवासींचं मुख्य गाव आहे, मेन रोड सोडून त्यांच्या जमिनीत गाडी घालायची तर त्यांचं परमिट घ्यावं लागतं. सेलिगमनला मात्र नीट उतर, चाल, गप्पा मार. २२ सप्टेंबर १९७८ ला तिथला बायपास सुरू झाला आणि गावातली वाहतूक त्याच दिवशी आटली, १९८५ मध्ये तर सरकारने रूट ६६ हा नंबरच रद्द केला. तिथला एक न्हावी, एंजल डेलगाडिलो, याने १९८७ मध्ये आजूबाजूच्या गावांतली माणसं जमवून असोसिएशन काढली आणि राज्याच्या मागे लागून रस्त्याला हिस्टॉरिक दर्जा मिळवला. तू जे बोर्ड आणि गिफ्ट शॉप बघणार आहेस त्यातलं निम्मं तरी या माणसाच्या चिकाटीमुळे. लोक म्हणतात सगळं टुरिस्टी झालंय, झालंय खरं, पण नाहीतर गाव उरलंच नसतं.

परळची_पोर
मी हेच एकटीने केलंय म्हणून आईच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घे. माणसांचा त्रास मला तरी झाला नाही, उलट एकटी बघून प्रत्येक दुकानात म्हातारे लोक अर्धा तास सोडत नाहीत. काळजी घ्यायची ती नेटवर्क आणि पाण्याची. मोठमोठ्या पट्ट्यात मोबाइल मेला असतो, म्हणजे आईला लाइव्ह लोकेशन पाठवलंस आणि ते मध्येच अडकलं की इकडे मुलुंडला हाहाकार, त्यापेक्षा आधीच सांग की दुपारी दोन-तीन तास फोन लागणार नाही, संध्याकाळी हॉटेलवरून करेन. मॅप ऑफलाइन डाउनलोड कर. आयफोन १४ किंवा पुढचा असेल तर सॅटेलाइटवरून एसओएस जातो, तो कसा वापरायचा ते निघायच्या आधी बघून ठेव. गाडीत पाच-सहा लिटर पाणी, आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालायला लागायचं नाही, हे एकदम पक्कं. नोव्हेंबर आहे म्हणून बरं, जुलैमध्ये नीडल्सला पारा ४५ च्या वरही जातो, तेव्हा मी कोणालाच जा म्हणणार नाही.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं. आणि पंपावर कार्ड घातलं की मशीन पाच आकडी झिपकोड मागतं, आपलं ४०००८१ तिथे चालत नाही, आत काउंटरवर जाऊन "पंप नंबर अमुक, चाळीस डॉलर" असं सांगून कार्ड द्यायचं, उरलेले परत येतात. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. खाण्याचं म्हणशील तर डायनरमध्ये अंडी, हॅश ब्राउन, पॅनकेक, ग्रिल्ड चीज, सकाळी छान वाटतं, तिसऱ्या जेवणाला थेपले काढावेच लागतात.

चाकं_चार
परमिटचं बोलतो. कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोना दोन्हीकडे टुरिस्ट म्हणून आपल्या लायसन्सवर चालवता येतं, आपलं स्मार्ट कार्ड इंग्रजीत आहेच, पण भाड्याच्या गाडीच्या काउंटरवरचा माणूस कधी कसा भेटेल सांगता येत नाही म्हणून आयडीपी, म्हणजे तेच इंटरनॅशनल परमिट, काढून ठेवा. सारथी वेबसाइटवर अर्ज, पासपोर्ट लागतो, एक वर्ष चालतं. तुम्हाला वडाळा आरटीओ पडेल. भाड्याच्या गाडीला डेबिट कार्ड नको, क्रेडिट कार्ड स्वतःच्या नावाचं पाहिजे, डिपॉझिट ब्लॉक करतात, आणि इन्शुरन्समध्ये आपल्या गाडीचं नुकसान आणि समोरच्याचं नुकसान हे दोन वेगळे प्रकार असतात, दोन्ही आहेत का बघून घ्या, स्वस्त बुकिंगमध्ये दुसरा गायब असतो.

उजव्या बाजूची सवय तासाभरात होते, फक्त डावीकडे वळताना आणि रिकाम्या रस्त्यावर पंपातून बाहेर पडताना मेंदू परत मुंबईत जातो, तेव्हा स्वतःशी मोठ्याने बोला, ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मध्याकडे. स्टॉप म्हणजे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, आपलं ते हळू करून सरकणं चालत नाही. पोलिसाने मागून दिवे लावले तर उजवीकडे थांबा, गाडीतून उतरायचं नाही, हात स्टिअरिंगवर. आपल्याकडे उतरून साहेबांकडे जातात, तिथे ते अंगाशी येतं.

मुलुंडवाली
बापरे, खूप खूप थँक्स सगळ्यांना! झिपकोडचं तर मी जन्मात शोधलं नसतं. आता एकच राहिलं, मोहावीतलं अँबॉय गाव. तो मोठा बाण असलेला रॉयज मोटेलचा बोर्ड बघितल्याशिवाय परत आले तर मला चैन पडणार नाही. तो वाटेतच आहे ना? आणि परतीला तोच रस्ता की व्हेगासला गाडी सोडून फ्लाइट?

गिरगाव_टू_इर्व्हाइन
वाटेत आहे पण थोडी वाकडी वाट. बार्स्टोनंतर लडलोला आय-४० सोड, जुन्या रस्त्याने अँबॉय साधारण ४५ किमी. बोर्ड १९५९ चा आहे, मधली बरीच वर्षं निऑन बंद होता, २०१९ मध्ये परत पेटला. २००५ मध्ये अल्बर्ट ओकुरा नावाच्या चिकन रेस्टॉरंटवाल्याने आख्खं गावच विकत घेतलं होतं, सव्वाचार लाख डॉलरला, मुलुंडला आता तेवढ्यात टू बीएचके बघ! ते २०२३ मध्ये वारले. गावाबाहेर ब्रिस्टल नावाचं कोरडं तळं आहे, त्यात चर खणून मीठ काढतात, भांडुपच्या मिठागरांसारखंच दिसतं, तुला घरचं वाटेल. बाजूने मालगाड्या जातात, इतक्या लांब की मोजता मोजता कंटाळा येतो, या लाइनवरची स्टेशनं रेल्वेवाल्यांनी ए-बी-सी-डी क्रमाने ठेवलीत, अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स.

पण अँबॉयवरून जुन्या रस्त्याने पुढे नीडल्सला जायचा हट्ट नको. तिकडे १९३० च्या सुमारास बांधलेले लाकडी पूल आहेत, शंभराहून जास्त, २०१४ च्या पुरानंतर त्यांच्यामुळे तो भाग वर्षानुवर्षं बंदच आहे. बोर्ड बघ, फोटो काढ, केलबेकर रोडने वर ये आणि आय-४० पकड. आदल्या रात्री सॅन बर्नार्डिनो काउंटीचं रोड क्लोजरचं पान उघडून बघ, गूगलवर विसंबू नकोस.

परतीला व्हेगास बेस्ट, किंगमनपासून १७० किमीच आहे, फक्त दुसऱ्या शहरात गाडी सोडायचा चार्ज आधी विचार. आणि घड्याळ, नोव्हेंबरात अ‍ॅरिझोना कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढे असतो, नेवाडा परत मागे. कॅलिफोर्नियाच्या बाजूला पाचच्या सुमारालाच अंधार पडतो, म्हणून पहिल्या दिवशी अँबॉय करून नीडल्सलाच झोप, ओटमन दुसऱ्या दिवशी सकाळी.

खडूस_दादरकर
थेपले नेताय ते ठीक, लोणच्याची बरणी हँडबॅगेत घालू नका, सिक्युरिटीवाले काढून घेतात. आणि परत आलात की कच्छचं सांगा, जानेवारीत आमची गाडी जातेय, एक सीट रिकामी आहे.

मुलुंडवाली
काका, सीट ड्रायव्हरची असेल तर येते.