१० बाय १० च्या खोलीत टॉवर स्पीकर? जरा दमानं घ्या राव!

रंकाळ्याचा_वारा
परवा इथंच एकानं लिहिलं, "बुकशेल्फ म्हणजे खेळणं. आठ इंची वूफर नसेल तर गाणं ऐकलं म्हणूच नका, खोली बारकी असली तरी टॉवरच घ्या." (नवख्यांसाठी: बुकशेल्फ म्हणजे फळीवर मावणारा बारका स्पीकर, टॉवर म्हणजे जमिनीवर उभा राहणारा उंच, वूफर म्हणजे खालचा आवाज काढणारा भोंगा.) खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवंना.

हा शहाणपणा मी स्वतः करून बसलोय. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतलं जुनं घर, खोली १० बाय १०, स्लॅब पण १० फुटांवर, म्हणजे चौकोनी डबाच. त्यात कमरेएवढे टॉवर आणून उभे केले. पहिल्याच रात्री तबल्याचा डग्गा असा घुमला की शेजारच्या मांडणीतली स्टीलची ताटं वाजायला लागली, आणि गंमत म्हणजे खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलं की बास गायब, दारात जाऊन उभं राहिलं की ढगफुटी. आई म्हणाली, गाणं दारातच ऐकायचं असतंय काय रे?

हिशेब सोपा आहे. आवाज सेकंदाला ३४३ मीटर पळतो, १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्याच्या दुपटीनं भागा, आले ५६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५६ थरथरी; ह्या आवाजावर खोली स्वतःच घुमते. लांबी, रुंदी, उंची सारखीच, म्हणून तिघी मिळून त्याच ५६ वर कोकलतात. टॉवर तिथं जोरात ढकलतो, खोली आणखी फुगवते. पाच इंची बुकशेल्फ, तो पण बंद डबा (हवेचं भोक, म्हणजे पोर्ट नसलेला), ७०-८० च्या खाली आवाजात आपोआप उतरायला लागतो, त्यामुळं तो ह्या भुताला फारसं डिवचतच नाही. बीबीसीनं ७० च्या दशकात एलएस३/५ए नावाचा स्पीकर काढला तो ओबी व्हॅनमध्ये (बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत) बसून ऐकायला, जेमतेम ५ लिटरचा डबा. व्हॅनमध्ये चाललं ते तुमच्या बेडरूममध्ये कसं चालत नाही, सांगा की.

टॉवर निम्म्या किमतीत गेले. आता पाच इंचीवर मजेत आहे.

काळी_एक
तो 'एकानं' म्हणजे मीच. नाव घ्यायला लाजू नका.

तुमचा डबा ७०-८० ला उतरतो ना? मग काळी एकमधल्या (पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून गाणाऱ्या) गायकाचा तंबोरा घ्या. सा १३९ हर्ट्झच्या आसपास, खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची तार त्याच्या निम्मी, ६९. म्हणजे तुमच्याकडं तंबोऱ्याची चौथी तार पेटीतच राहिली. अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात दरबारी गवई होते तिथं बसून बिनखर्जाचं गाणं ऐकताय, आणि वर आम्हाला हिशेब शिकवताय.

रंकाळ्याचा_वारा
@काळी_एक तंबोरा कधी जवळून ऐकलाय का? जवारी लागल्यावर, म्हणजे घोडीवर तार नीट बसल्यावर, जे झणझणतं ते सगळं वरच्या स्वरांचं असतंय, मूळ ६९ त्यात अगदी बारीक. वरचे स्वर नीट आले की खालचा कान स्वतःच भरून घेतो. आणि बंद डबा हळूहळू उतरतो, ऑक्टेव्हला, म्हणजे सप्तकामागं, १२ डेसिबलनं, मागं भिंत असली की तिचा पण हातभार लागतो. पोर्टवाला २४ नं धाडकन पडतो.

काळी_एक
कान भरून घेतो म्हणे. उद्या म्हणाल पांढरा रस्सा नसला तरी चालतंय, तांबड्यावरून जीभ समजून घेते.

उद्यमनगर_फिटर
दोघंही स्पीकर ठेवलाय कशावर ते सांगंना! माझ्याकडं एक साहेब आले होते, लाखाचे बुकशेल्फ, ठेवले कुठं तर टीव्हीच्या प्लायवूडच्या कपाटावर. त्यांना चौकोनी पाइपचे स्टँड वेल्ड करून दिले, ट्विटर (वरचा आवाज काढणारा बारका भोंगा) आपण बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे, आणि पाइपात वाळू भरली. वाळू आधी पत्र्यावर भाजून कोरडी केली, नाहीतर आतून गंज धरतोय. भरायच्या आधी पाइपला टिचकी मारली तर घंटा, भरल्यावर मारली तर ठप्प. साहेब म्हणाले, नवीन स्पीकर आणल्यासारखं वाटतंय. मजुरी देताना मात्र घासाघीस केली, लाखाच्या स्पीकरवाल्यानं!

घोंगडीवाली
मी पण ह्यात पडलो होतो (हो, मुलगीच आहे, कोल्हापुरात आम्ही असंच बोलतो). दुसऱ्यानं भिंतीवरून आरसा सरकवायचा, आपण खुर्चीत बसायचं, आरशात ट्विटर जिथं दिसंल तिथं काहीतरी मऊ लावायचं, म्हणजे भिंतीवर आपटून येणारा आवाज मरतो. मी धनगरी घोंगडी टांगलो. सारंगी कानाला टोचायची ती थांबली.

रंकाळ्याचा_वारा
@घोंगडीवाली वरच्या आवाजाला बरोबर, पण घोंगडीनं ५६ ला काडीचा फरक पडत नाही. मी कोपऱ्यात कापसाच्या चार गाद्या उभ्या रचल्यात, तिथं कुठं थोडं मवाळ झालंय. पाहुणे आले की स्टुडिओ मोडून गाद्या अंथरायच्या.

मंगळवारपेठ_वाघ
५६ हर्ट्झचं काय कौतिक लावलंय मर्दा. विसर्जन मिरवणुकीला पापाच्या तिकटीला येऊन उभा रहा, ४० हर्ट्झ बरगडीत मोजून देतो. आमच्या मंडळाचा डॉल्बी, अठरा-अठरा इंची. जगात भारी!

काळी_एक
हे बघा. ह्यांच्यामुळंच ह्या शहरातले कान गेले. नियमात राहत्या भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलंय, ते कुणाच्या गावचं?

आणि तो 'डॉल्बी' पण नाही हो. रे डॉल्बी ह्या माणसानं १९६५ ला लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवायला. आयुष्यभर नको तो आवाज कमी करायच्या मागं लागलेल्या माणसाचं नाव आपण कशाला दिलं बघा.

मंगळवारपेठ_वाघ
आम्हाला इतिहास नको. माझा भाऊ साउंडचा धंदा करतोय. कर्ज काढून माल घेतला, वर्षात दोन महिने सीझन, त्यात कुठं आवाज चढला की माल जप्त, पोरं उन्हात उभी. तुम्ही एसीत बसून तंबोऱ्याची चौथी तार मोजा. ढोल-ताशाचं पथक दारात वाजतंय ते ५५ मध्ये वाजतंय काय? तो संस्कृती आणि आमचा धिंगाणा, व्हय?

घोंगडीवाली
ढोलाचं खरं बोललास. पण माझ्या बाबांची बायपास झाली त्या वर्षी मिरवणूक आमच्या बोळाच्या तोंडाशी पाऊण तास थांबली होती. खिडकीच्या काचेला हात लावून बसलो होतो मी, फुटेल म्हणून. बाबा उशी कानावर दाबून भिंतीकडं तोंड करून पडलेले. तुझ्या भावाचं कर्ज आम्ही का फेडायचं?

मंगळवारपेठ_वाघ
बाबांचं वाईट वाटलं. खरंच. पण थांबायचं कुठं हे मंडळ ठरवतं, साउंडवाला नाही, त्याला कोण विचारतंय. शिव्या मात्र त्यालाच.

उद्यमनगर_फिटर
स्पीकरवर बोला की. मिरवणुकीवर धागा गेला की परत येत नाही.

काळी_एक
नाही, थांबा. हे स्पीकरवरच आहे. पिढीच्या पिढी छातीनं ऐकायला शिकली, त्यांना काय कळणार...

रंकाळ्याचा_वारा
@काळी_एक साहेब, आठ इंचीशिवाय गाणं नाही हे तुम्हीच लिहिलंत. वाघ अठरा म्हणतोय, तुम्ही आठ. फरक दहा इंचांचाच!

काळी_एक
ही पातळी असेल तर मी नमस्कार करतो.

रंकाळ्याचा_वारा
बरं, चुकलो. एकच सांगा, तुमची खोली केवढी, टॉवर भिंतीपासून किती?

काळी_एक
(सहा तासांनी) १० बाय १२. टॉवर भिंतीपासून एक वीत. पुढं घेतले की दार उघडत नाही. पोर्ट मागं आहे, विचारायच्या आधीच सांगतो.

रंकाळ्याचा_वारा
एक वीत! अहो मग डग्गा घुमणारच. एक फुकटचं करा, जुना लोकरी मोजा गुंडाळून पोर्टात सैलसर घाला. नाही पटलं तर काढून टाका, मोजाच आहे.

काळी_एक
(दुसऱ्या दिवशी) घातला. डग्ग्याची मींड आता कळते, आधी नुसता ढग होता. तेवढं मान्य. म्हणून बुकशेल्फ मोठा ठरत नाही, माझ्या टॉवरला सर्दी झाली होती, टोपरं घातलं इतकंच. रविवारी तुमचा डबा ऐकायला येतो. खर्ज नाही सापडला तर इथंच लिहीन.

रंकाळ्याचा_वारा
या. गाद्या उचलायला मदत करावी लागेल.

मंगळवारपेठ_वाघ
मी पण येऊ काय? अठरा इंची आणत नाही, शप्पत.