मदत हवी आहे: जुन्या अंकांतली ‘मोगलाई’

मंडळी, ‘मोगलाई’ या शब्दाच्या जुन्या छापील नोंदी हव्या आहेत. आज आपण ‘ही काय मोगलाई लागून गेली का?’ म्हणतो ते मनमानी कारभाराला. पण आमच्या बीडकडची म्हातारी माणसं निजामाच्या मुलखालाच सरळ मोगलाई म्हणायची, त्यात राग-लोभ काही नाही. सोयरीक मोगलाईतली की इंग्रजी हद्दीतली, एवढंच.

घरच्या जुन्या ट्रंकेत एक जाहिरातीचं कात्रण सापडलंय. मोगलाईतल्या गिऱ्हाइकांसाठी किंमत वेगळी, निजामाच्या हाली सिक्क्यात. तेव्हा नाणंच निराळं होतं ना! कात्रणावर ना तारीख, ना अंकाचं नाव. कापणाऱ्यानं नेमकं तेवढंच कापून टाकलंय.

निजामाचं राज्य संपलं त्या १७ सप्टेंबर १९४८ च्या आधी पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत हा शब्द नुसता प्रदेशाचं नाव म्हणून यायचा, की टोमणा म्हणूनही? आणि खुद्द इकडच्या मंडळींची वृत्तपत्रं, म्हणजे आ. कृ. वाघमाऱ्यांचा ‘मराठवाडा’ वगैरे, तो वापरत होती का? मला वाटतं, टाळत असावीत.

कुणाकडे बांधीव फायली असतील तर बातमी, जाहिरात, वाचकांचं पत्र, काहीही चालेल. फोटोत तारखेची ओळ तेवढी येऊ द्या.