घरच्या वेबकॅमला दिवा कुणासाठी?

सोल्डरवाली
काल एकाने लिहिलं, "वेबकॅम मी बनवला, कोड माझा, मग रेकॉर्डिंगचा दिवा कुणाला दाखवायचा? उगाच पसारा." वाचून डोकंच फिरलं. अहो, घरात तुम्ही एकटेच राहता का? दिवा बनवणाऱ्यासाठी नसतोच, कॅमेऱ्यासमोरून जाणाऱ्यासाठी असतो. पाय झिरोचा (रास्पबेरी पाय झिरो, छोटासा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) माझा पहिला वेबकॅम बिनदिव्याचा होता. मीटिंग संपली, मी स्क्रीनवरची विंडो बंद केली, पण मागे रेकॉर्डिंग चालूच राहिलं. सासूबाई ओले केस पुसत आल्या, माझ्या खुर्चीत बसल्या आणि बहिणीशी फोनवर स्वतःच्या आजारपणाचं बोलल्या, जे त्यांनी आम्हालाही सांगितलं नव्हतं. 40 मिनिटांची फाइल. त्यांच्यासमोर डिलीट केली, तरी आजही दारातूनच विचारतात, "चालू आहे का गं ते?"

काटकोन
तो "एक" मीच. झालं ते वाईटच, पण चूक प्रोग्राम बंद न करण्याची आहे. जीपीआयओच्या, म्हणजे बोर्डावरच्या कोडने चालू-बंद होणाऱ्या, पिनवर दिवा लावलात तर तो कोडच पेटवणार ना? कोड अडकला की दिवाही खोटं बोलणार. 2013 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी जुन्या मॅकबुकच्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलून दिवा न लावता चित्रण करून दाखवलं होतं. खोट्या दिव्यापेक्षा दिवा नसलेला बरा, माणूस सावध तरी राहतो. लेन्सवर झाकण लावा, विषय संपला.

निशाचर
दिव्यांचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. प्रत्येक वस्तूला निळा एलईडी लावायची ही खोड कुणी काढली? राउटरला निळा, चार्जरला निळा, स्पीकरला निळा, रात्री खोली उजळून निघते. माझ्या वेबकॅमचा दिवा चष्म्यात दिसायचा, मीटिंगभर डोळ्यात ठिपका. शेवटी काळी टेप चिकटवली.

सोल्डरवाली
म्हणजे दिवा असून नसल्यासारखाच केलात! दिव्याकडे जाणारा प्रवाह कमी करणारा रेझिस्टर बदला ना. 3.3 व्होल्टवर लाल एलईडीला 330 ओहम लावला तर साधारण 4 मिलिअँपिअर जातात, 2.2 किलोओहम लावा, अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास येईल, डोळ्यात खुपणार नाही आणि दिसेलही.

निशाचर
दिवसा खिडकीसमोर दिसतो का तो, करून बघितलंय? मी बघितलंय, नाही दिसत. आणि टेप मी माझ्या डोळ्यांसाठी लावली, मला शिकवू नका.

सोल्डरवाली
शिकवत नाहीये, पण त्या टेपमुळे तुमच्या घरच्यांना काय कळतं ते सांगा. दिसत नसेल तर लेन्सच्या वर छोटी नळी बसवा, आत एलईडी, उजेड पसरत नाही आणि समोरून ठिपका दिसतो.

निशाचर
नळीचं जमेल. टेप काढतो. निळ्याबद्दल मात्र माझं मत तेच.

काटकोन
माझ्या मुद्द्याला उत्तर कुणीच दिलं नाही. कोड खोटं बोलला तर?

सोल्डरवाली
देते. दिवा कोडला देऊच नका. पायच्या पहिल्या कॅमेरा मॉड्यूलवर लाल दिवा होता, पण कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, एक ओळ लिहिली की तो गप्प, 2016 च्या दुसऱ्या मॉड्यूलवर तर दिवाच नाही. म्हणून मी कॅमेऱ्याच्या केबलमधली पॉवर इनेबलची, म्हणजे सेन्सरची वीज चालू करणारी, लाइन घेतली, तिच्यावर रेझिस्टर लावून एक ट्रान्झिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि त्यातून एलईडी. सेन्सरला वीज मिळाली की दिवा लागतो, माझा प्रोग्राम मधे येतच नाही. एकच फोटो काढला तर दिवा इतका पटकन विझतो की कळत नाही, म्हणून थोडी वीज साठवणारा कपॅसिटर घालून तो दोनेक सेकंद रेंगाळत ठेवलाय.

काटकोन
मग रेकॉर्डिंग नसताना नुसता प्रिव्ह्यू चालू असला तरी लागणार.

सोल्डरवाली
लागू दे की! उगाच लागलेला दिवा चालतो, उगाच विझलेला नाही चालत. फाइल सेव्ह होतेय की नाही हे सासूबाईंनी का तपासायचं? सेन्सर बघतोय एवढं कळलं की बास.

काटकोन
ठीक आहे, ट्रान्झिस्टरचं पटलं. ही वायरिंग आधीच सांगितली असती तर एवढं भांडलो नसतो. या आठवड्यात जोडून बघतो. पण झाकण काढणार नाही.

सोल्डरवाली
झाकण काढा असं म्हणालंय कोण? माझ्याकडेही आहे, सासूबाईच लावतात.