मदत हवी आहे: कारखान्याच्या फायरवॉलमागून गिटहबला पोहोचायचं कसं?

नमस्कार मंडळी,

सांगलीत आम्ही दोघं मिळून सॉफ्टवेअरची छोटी-मोठी कामं करतो. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम आमच्याकडे आहे. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पावती, शेती ऑफिसला नोंद, एवढंच. गाळप सुरू व्हायला बारा दिवस राहिलेत आणि यंदा तिथं नवी फायरवॉल (नेटवर ये-जा करणाऱ्या डेटावरचा पहारेकरी) बसलीय. आमचा कोड गिटहब या ऑनलाइन साठ्यावर असतो, गिट या प्रोग्रॅमने ने-आण करतो. तेव्हापासून गिटचं पुल (आणणं) नाही की पुश (पाठवणं) नाही.

स्वतःचा लॅपटॉप आत न्यायला बंदी, म्हणून काट्याच्या खोलीतलाच पीसी वापरायचा. पेनड्राइव्ह बंद. मोबाईलचा हॉटस्पॉट जोडायचा नाही असं परिपत्रक आहे, आणि तसंही त्या पत्र्याच्या खोलीत रेंजची एकच काडी दिसते.

एसएसएचने (की-फाइलने ओळख पटवणारी सुरक्षित जोडणी) गेलं की बराच वेळ कर्सर नुसता लुकलुकतो, मग 'कनेक्शन टाइम्ड आउट'. एचटीटीपीएसने (वेबसाइटची सुरक्षित जोडणी) गेलं तर 'सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन', म्हणजे समोरच्याच्या ओळखपत्रावर गिटचा भरवसा नाही. त्याच पीसीवर ब्राउझरमध्ये मात्र गिटहब झकास उघडतं! मित्र म्हणाला, गिटमध्ये एसएसएल व्हेरिफाय फॉल्स कर, म्हणजे सर्टिफिकेटची तपासणीच बंद, आणि मोकळा हो. पण मन घेईना. शेतकऱ्याच्या उसाच्या वजनाचा मामला आहे. उद्या कोडमध्ये कुणी काही घुसवलं तर गाडीतळावरून मी धड घरी येईन का?

काय करू, सांगा की.

कराडकर_पोरगा:
फॉल्स अजिबात करू नका. तुमची दुखणी दोन आहेत, ती वेगळी धरा. पोर्ट २२ (एसएसएचचं नेहमीचं दार) वर निघालेला डेटा फायरवॉल गपचूप टाकून देते, म्हणून टाइम्ड आउट. 'रिफ्यूज्ड' आलं असतं तर कुणीतरी निदान नाही म्हणालं असतं. दुसरं, एचटीटीपीएसचं पाकीट फायरवॉल मध्येच फोडते, बघते आणि स्वतःच्या सर्टिफिकेटने परत चिकटवते. कारखान्याचं रूट सर्टिफिकेट विंडोजमध्ये घातलेलं असणार, म्हणून ब्राउझर गप्प. गिट स्वतःची वेगळी यादी बाळगतं, त्यात ते नाही. गिटचा एसएसएल बॅकएंड 'एसचॅनल' केला की ते विंडोजची यादी वापरतं आणि तपासणीही चालू राहते.

हळदीचा_पेव:
वरचं बरोबर, पण एक राहिलं. पाकीट फोडलं जातंय म्हणजे तुमचा टोकनही फायरवॉलला उघडा दिसणार. गिटहबने ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी पासवर्ड बंद केला, त्यामुळे तिथं टोकन हाच पासवर्ड. मी असतो तर एसएसएच पोर्ट ४४३ (एचटीटीपीएसचं दार) वरून नेलं असतं. गिटहबची ती अधिकृत सोय आहे. पीसीवरच्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये गिटहब डॉट कॉम या होस्टसाठी होस्टनेम 'एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम', पोर्ट ४४३ आणि युजर 'गिट' असं लिहा. रिमोटचा (गिटहबवरच्या कोडचा) पत्ता बदलावा लागत नाही.

तो पीसी तिन्ही पाळ्यांत कोण कोण वापरतं देव जाणे. तिथं तुमची स्वतःची एसएसएच की ठेवू नका. त्या एकाच रिपॉझिटरीपुरती (कोडच्या साठ्यापुरती) चालणारी डिप्लॉय की बनवा, लिहिण्याची परवानगी द्या आणि पासफ्रेज (कीचा पासवर्ड) लावाच.

धागाकर्ता:
केलं. टाइम्ड आउट गेलं, पण आता जोडणी लगेच तुटते. 'कनेक्शन क्लोज्ड'. 😐

हळदीचा_पेव:
म्हणजे फायरवॉल नुसता पोर्ट बघत नाही, आतली भाषाही ओळखते. एसएसएच हे टीएलएस (एचटीटीपीएसची भाषा) नाही, पहिल्या ओळीतच कळतं. आता चोरवाटा शोधत बसू नका, नेटवर्कवाल्या साहेबांना भेटा. 'सगळं उघडा' म्हणालात तर नाहीच म्हणतील. या एका पीसीवरून, या एका होस्टला, पोर्ट ४४३ वर एसएसएच, असं लेखी मागा. आयपी टाकून नियम करणार असतील तर गिटहबचे आयपी बदलतात हे सांगा. चालू यादी गिटहब एपीआयच्या 'मेटा' पत्त्यावर मिळते.

धागाकर्ता:
साहेब चांगले निघाले. अर्ज दिला, चहा झाला, संध्याकाळपर्यंत नियम टाकला. आता पीसी एक फिंगरप्रिंट (समोरच्या सर्व्हरच्या कीची छोटी खूण) दाखवून 'यस' की 'नो' विचारतोय. यस मारू?

कराडकर_पोरगा:
थांबा! एवढं सगळं करून इथं डोळे मिटू नका. बाहेर जाऊन मोबाईलच्या नेटवर गिटहबच्या मदत पानावरचे फिंगरप्रिंट उघडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. जुन्या ब्लॉगवरून घेऊ नका, मार्च २०२३ मध्ये त्यांनी आरएसए प्रकारची की बदललीय.

धागाकर्ता:
गेटबाहेर रसवंतीवर उभा राहून स्क्रीनशॉट काढला, आत येऊन जुळवला. ईडी२५५१९ प्रकारच्या कीवाला तंतोतंत निघाला. यस मारलं. अडकलेले सात कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) गेले. उद्या रिकाम्या ट्रॅक्टरवर पावती काढून बघतो.