‘प्रभूनं नाही म्हटलं’ यापुढे कोणी काय बोलायचं?

नगरवाला
सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीत नुकतंच एक जमलेलं स्थळ मोडलं. दोन्ही घरं राजी, पाळकसाहेबांशीही बोलणं झालेलं. मग मुलाच्या आईनं उपास धरला आणि निरोप आला, "प्रभूनं नाही म्हटलं." मुलीकडच्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं, देवाशी वाद कोण घालणार? माझं मत स्पष्ट आहे: लग्न-नोकरीच्या बाबतीत हे वाक्य बहुतेक वेळा कारण न देण्याची सोय असते. ३१ डिसेंबरच्या रात्री ताटातून बायबलच्या वचनाचं कार्ड उचलायचं आणि त्यावर "भिऊ नको" निघालं की दुबईची नोकरी पक्की, हेही त्यातलंच. बायबलमध्ये रोम १२:२ मध्ये देवाची इच्छा समजण्यासाठी प्रेषित पौल मनाचं नवीकरण सांगतो. डोकं बाजूला ठेवायला सांगत नाही.

केडगावची लेक
दादा, राग समजू शकते, पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. प्रेषितांची कृत्ये १६ बघा. आशिया या रोमी प्रांतात वचन सांगायला पौलाला आत्म्यानं मनाई केली, बिथुनियातही जाऊ दिलं नाही, मग त्रोवसात रात्री मासेदोनियाचा माणूस दिसला. कारण दिलंय कुठं? १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली घेऊन आल्या. आधी खर्चाचा हिशेब मांडत बसल्या असत्या तर निघाल्याच नसत्या.

साधा प्रश्न
ताई, दहावी ओवीही वाचा. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण त्यावरून देव बोलावतोय हे अनुमान सोबत्यांनी मिळून काढलं. आपल्याकडे नेमकं हेच होत नाही.

आणि दादांच्या त्या कार्डासारखं चिठ्ठी काढून ठरवण्याचं म्हणाल तर मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली घ्या. १७३७, जॉर्जिया. सोफी हॉपकीशी लग्न करावं का, यासाठी त्यानं तीन चिठ्ठ्या केल्या: लग्न कर, या वर्षी विचार करू नको, पुन्हा कधीच विचार करू नको. तिसरी निघाली. सोफीनं लगेच दुसऱ्याशी लग्न केलं. पुढे वेस्लीनं तिला प्रभुभोजन नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्ष संपायच्या आत स्वारीनं जॉर्जिया सोडलं. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत तर लग्नंच चिठ्ठीनं ठरत. शेवटी त्यांच्याच धर्मसभेनं १८१८ मध्ये सर्वसामान्य सभासदांवरची ती सक्ती उठवली.

केडगावची लेक
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच वेस्लीचं ब्रिस्टलला जाणं १७३९ मध्ये चिठ्ठीनंच ठरलं, आणि तिथंच तो मैदानात उभा राहून उपदेश करू लागला. ही चिठ्ठी देवाची आणि ती नव्हे, हे तुम्ही कशावरून ठरवणार? निकाल आवडला त्यावरून?

साधा प्रश्न
मुद्दा बिनतोड आहे. फक्त ब्रिस्टलच्या वेळी आधी लंडनच्या मंडळीत भरपूर वाद झाला, सख्ख्या भावाचा, चार्ल्सचा विरोध होता. चिठ्ठी त्यानंतर.

वसईवाला
आम्ही कॅथलिक, त्यामुळे जरा वेगळं सांगतो. बायकोला कुवेतहून नर्सच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा धाकटी अजून दूध पीत होती. रिट्रीटमध्ये (प्रार्थना-शिबिरात) फादरांनी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या पद्धतीनं वहीचं पान मधोमध दुमडायला लावलं: जाण्याचे फायदे-तोटे एकीकडे, न जाण्याचे दुसरीकडे. मग विचारलं, अगदी अनोळखी बाई याच पेचात असती तर तिला काय सांगितलं असतंत? आणि बजावलं, मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. उपास-प्रार्थनाही केलीच. पण पान कोरं ठेवून केली नाही. (ती गेली नाही. सासूबाई अजून टोमणे मारतात, तो विषय वेगळा.)

केडगावची लेक
पान दुमडून पगार आणि भाडं मोजायचं, तर त्यात देवाचं काय राहिलं? बिनविश्वासी माणूसही तेच करतो.

वसईवाला
ताई, पगार आमच्या पानावर होताच. पण फादर प्रत्येक ओळीवर विचारत होते, हे लिहिताना आत शांती वाटते की तगमग? त्यासाठी देवासमोरच बसावं लागतं.

नगरवाला
हेच मी म्हणतोय. उपासाला माझा विरोध नाही. आमच्याकडे पान कुणी दाखवलंच नाही. मुलगीही प्रार्थना करत होती, तिला शांती होती. मग कुणाचं ऐकायचं?

केडगावची लेक
तिला शांती होती हे आता सांगताय! मग माझा प्रश्न वेगळा आहे. उपास आईनं धरला, निरोप आईनं पाठवला. लग्न ज्याचं होतं त्याला प्रभूनं काय सांगितलं? पाळकसाहेबांना म्हणावं, त्याला एकट्याला बोलावून विचारा.