पाणबुडीच्या अपघातावरचा मूकपट वाचनालयात चालेल का?

पंचवटी_वाचक
आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जुना सिनेमा दाखवतो. वरच्या मजल्यावर पंचवीस खुर्च्या, भिंतीला पांढरी चादर, मध्ये चहा-चिवडा. मागच्या खेपेला जरा संथ सिनेमा लागला, तर चिवडा खायला खाली उतरलेले निम्मे लोक वर आलेच नाहीत. या वेळी हॉलिवूडचा दिग्दर्शक फ्रँक काप्रा याचा 1928 चा 'सबमरीन' मनात आहे. त्या काळच्या समीक्षकांनी समुद्राखालच्या प्रसंगांची खूप वाहवा केली होती असं वाचलं. खरंच एवढा थरार आहे का? आमचे हे म्हणतात, "मूकपट म्हणजे झोपेची गोळी."

गोदाकाठ७१
आपण नाशिककर असून अमेरिकेचा मूकपट कशाला? दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' लावा ना! 1919 चा. कृष्ण झालीय त्यांची लेक मंदाकिनी. सुरुवातीला ती पोर नुसते चेहऱ्यावरचे भाव दाखवते, ते बघूनच लोक खुर्चीत बसतील. यमुनेच्या पाण्याखाली नागाशी झटापटही आहे. बोटी-बिटी हव्यात कशाला.

माजी_सिग्नलवाला
ताई, लावा. पण आधी एक सांगतो, पहिला भाग सोसावा लागेल.

मी नौदलात सिग्नल शाखेत होतो, आता इंदिरानगरला नातवंडं सांभाळतो. गोष्ट साधी आहे. जॅक हा नौदलाचा पाणबुडा, म्हणजे तांब्याचं शिरस्त्राण घालून खोल उतरणारा माणूस. बॉब त्याचा जिवलग दोस्त. मध्ये बाई येते, गैरसमज होतो, दोस्ती तुटते. हे सगळं तुम्ही शंभर वेळा पाहिलंय. जॅक होल्ट आणि राल्फ ग्रेव्हज ही नटांची जोडी झकास आहे म्हणून निभावतं, नाहीतर तिथेच तुमचा चिवडा संपला असता.

मग बॉबची पाणबुडी बुडते. माणसं आत अडकतात, हवा कमी होत जाते. तेवढ्या खोलीवर पोचू शकणारा माणूस एकच, आणि तो रुसून बसलेला. समीक्षकांनी वाहवा केली ती इथून पुढच्या भागाची, आणि ती रास्त आहे.

त्या वेळच्या प्रेक्षकाला हा थरार नुसत्या कॅमेऱ्याने दिला नव्हता. 17 डिसेंबर 1927 ला मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनजवळ एस-4 नावाची अमेरिकन पाणबुडी पाण्याखालून वर येत होती, तेवढ्यात तटरक्षक दलाच्या पॉल्डिंग या विनाशिकेची धडक बसली. आत चाळीस माणसं. पुढच्या टॉर्पेडो कक्षात सहा जण जिवंत राहिले आणि हातोड्याने पत्र्यावर ठोके देऊन वरच्यांशी बोलत राहिले. मॉर्समध्ये, म्हणजे ठोक्यांच्या संकेतलिपीत. काही आशा आहे का, असं विचारलं होतं त्यांनी. मग वर वादळ वाढलं, खाली जाणाऱ्या पाणबुड्यांना पुन्हा उतरता येईना. चाळीसपैकी एकही वाचला नाही.

मला हे वाचताना नेहमी वरच्या माणसाचा विचार येतो. ठोके ऐकून उत्तर काय द्यायचं? आम्हाला शिकवलं होतं, संदेश मिळाला की पोच द्यायची. पण अशा प्रश्नाची पोच म्हणजे काय, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

आता मजा बघा. सिनेमात जॅक खाली जातो तो हवेची नळी जोडायला. एस-4 च्या वेळी मिशेल्स नावाचा पाणबुडा नेमकं तेच करायला उतरला आणि 102 फुटांवर दोर-नळीत गुरफटला. त्याला सोडवायला टॉम एडी उतरला. दोन तास लागले, पण मिशेल्सला जिवंत वर आणला. एडीला मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक, मिळालं. म्हणजे काप्राने खोट्या गोष्टीत खरा जीव ओतला, आणि सिनेमा लागला तेव्हा त्या बातमीला वर्षही झालं नव्हतं. लोक नुसता नट बघायला नाही, ते सहा जण वाचावेत म्हणून थिएटरात बसले असणार, असं माझं मत.

लहानपणी आम्ही रामकुंडात श्वास धरून एक-दोन-तीन मोजायचो. सिनेमा बघताना मी नकळत तेच करत होतो. बायकोने खांदा हलवला.

एक बारकावा: यात पात्रांचं बोलणं पाट्यांवर आहे, पण संगीत आणि काही आवाज फिल्मसोबतच जोडलेले होते. कोलंबिया कंपनीचा हा तसला पहिला प्रयत्न. तेव्हा वेगळा तबलजी बोलवू नका, आवाज नीट लावा. आणि दिग्दर्शक आधी काप्रा नव्हताच. अर्विन विलाट होता, त्याला मधेच काढून काप्राला बसवलं. पहिल्या भागाचा रुक्षपणा कुणाच्या माथी मारायचा, ते तुम्ही ठरवा.

आंबट_द्राक्षं
खरा समुद्र बघायचा असेल तर 1916 चा 'ट्वेंटी थाउजंड लीग्स' शोधा. विल्यमसन बंधूंनी बहामाजमध्ये लांब नळीच्या टोकाला काचेची खोली लावून, आतून प्रत्यक्ष समुद्राखालचं चित्रण केलं. 'सबमरीन'मध्ये थरार माणसांचा आहे, समुद्राचा नाही.

गोदाकाठ७१
काका, एस-4 चं माहीत नव्हतं. पण फाळके आधी. मी हट्ट सोडणार नाही.

माजी_सिग्नलवाला
सोडू नका. ताई, आधी 'कालिया मर्दन' दाखवा, मग 'सबमरीन'. एक पोर पाण्यात उडी घेते, मग एक म्हातारडा घेतो. शेवटी कुणी विचारलंच की पुढे नौदल काही शिकलं का, तर 1939 च्या स्क्वालस या अमेरिकन पाणबुडीबद्दल सांगा. तीही बुडाली, पण या वेळी खाली सोडून माणसं वर आणायची बचाव-घंटा, म्हणजे घंटेसारखी बंद खोली, तयार होती. तेहतीस जण वर आले.

पंचवटी_वाचक
काल दोन्ही लावले. चौदा जण होते. पहिल्या भागात दोघे उठले, ह्यांच्यासकट. नंतर जॅक खाली उतरला तसे हे दारातच उभे राहिले, हातात चिवड्याची वाटी. मधेच लाइट गेली. अंधारात पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "अगं बाई, नळी जोडली का त्याने?" इन्व्हर्टर आहे, पण प्रोजेक्टर त्यावर नाही. पंचवीस मिनिटं सगळे तसेच बसून होते. आता प्रश्न दुसराच: प्रोजेक्टर चालेल एवढी बॅटरी साधारण केवढ्याला पडेल?