मदत हवी आहे : निवृत्तीनंतर एकटीने भोपाळहून रत्नागिरीला बिऱ्हाड हलवायचंय

तळ्याकाठची :

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ६१. केंद्र सरकारी नोकरीतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. लग्न केलेलं नाही. ३४ वर्षं भोपाळमध्ये काढली. आई माझ्याजवळच असायची, ती दीड वर्षापूर्वी गेली. आता कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये मी आणि तिचं सामान.

आईचं माहेर रत्नागिरी. लहानपणी मे महिन्यात जायचो, तेवढीच माझी ओळख. सख्खं कुणी उरलेलं नाही, एक मामेबहीण लांज्याला आहे. तरी तिथेच जायचंय. भाऊ म्हणतो पुण्याला ये, आमच्याच सोसायटीत जागा बघू. 'का जायचंय' यावर कृपया चर्चा नको, ती घरी पोटभर झाली आहे. कसं जायचं तेवढं सांगा.

१. सामान. दोन मूव्हर्सना विचारलं. एकाने घरी न येता फोनवरच आकडा सांगितला, दुसऱ्याचा आकडा बरोबर दुप्पट आणि पैसे सगळे आधी. शेजारच्या कुटुंबाचा ट्रक नव्या गावाच्या वेशीवर अडवून जास्तीचे पैसे उकळले होते, तेव्हापासून धास्ती आहे. हिंदीत मी कुणाशीही भांडू शकते, मराठीत भांडायची सवय नाही हो.

सामानात शिसवी पलंग, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, सहाशेच्या आसपास पुस्तकं आणि आईचा तांब्याचा बंब. बंबावरून भावाशी वाद झालाय. त्याच्या मते मोडीत घालावा.

२. स्कूटर, २०१६ ची, एमपी ०४. न्यावी की विकावी?

३. सीजीएचएसचं (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड भोपाळचं आहे. रत्नागिरीत त्याचं काय करायचं?

४. भाड्याने घर बघायला डिसेंबरात चार दिवस जाऊन आले. तीन घरमालकांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "एकट्याच? मग बरोबर कोण येणार?" चौथ्याने विचारलं नाही, पण त्याचं घर पाखाडीच्या (पायऱ्यांच्या पायवाटेच्या) ५२ पायऱ्या उतरून. गुडघे अजून ठीक आहेत, पण किती दिवस? चिपळूणलाही एक जागा पाहिली, ती स्वस्त आणि स्टेशनजवळ आहे.

एप्रिलअखेर निघायचा विचार आहे. आधीच धन्यवाद.

---

जांभा :

ताई, एप्रिलअखेर अजिबात नको. सामान लागेपर्यंत मे संपेल आणि जूनला आभाळ फाटेल. पहिल्याच पावसात बंद खोक्यांतली पुस्तकं म्हणजे बुरशीला जेवणाचं आमंत्रण. भोपाळचा पाऊस वेगळा. इथे चार महिने कपडे वाळत नाहीत, प्लायवूडची दारं फुगतात, मिठाला पाणी सुटतं. शिसवी पलंग टिकेल, पुठ्ठ्याच्या पाठीची कपाटं टिकणार नाहीत.

माझं ऐका. फ्लॅट कुलूप लावून ठेवा, दोन बॅगा घेऊन जूनमध्ये या आणि सप्टेंबरपर्यंत राहून बघा. मंगला एक्सप्रेस भोपाळहून थेट रत्नागिरीला येते, गाडी बदलायची कटकट नाही. जुलैत सलग आठ दिवस सूर्य दिसला नाही आणि वीज येऊनजाऊन असली, तरी माणूस मजेत आहे का ते तेव्हाच कळतं. मे महिन्यातल्या आठवणींवर घर घेऊ नये. आंबे असतात तेव्हा कोणालाही कोकण आवडतं.

चिपळूणची जागा स्वस्त का, ते विचारलंत का? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी तिथे कुठवर आलं होतं ते घरमालकाला नको, समोरच्या दुकानदाराला विचारा. भिंतीवरची खूण दाखवेल.

---

मुसाफिर६६ :

मी लखनौहून नाशिकला असंच बिऱ्हाड आणलं, तेही एकट्याने, ६४ व्या वर्षी. मूव्हर्सबद्दल लिहितो.

घरी येऊन सामान न बघता आकडा देणारा बाद. 'पार्ट लोड' म्हणजे तुमचं सामान दुसऱ्यांच्या सामानाबरोबर येतं. स्वस्त पडतं, पण वाटेत गोदामात उतरून दुसऱ्या गाडीत चढतं, मोडतोड तिथेच होते. यादी दोन प्रतींत करून दोघांच्या सह्या, बिल्टीवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) पूर्ण रक्कम आणि 'हमाली, टोल, मजला चढवणे धरून' असं लिहून घ्या. ही ओळ नसेल तर उतरवताना तोंड उघडतात. विमा म्हणजे त्यांनी तोंडी सांगितलेला नव्हे, पॉलिसीचा कागद हातात हवा. भरताना प्रत्येक वस्तूचा मोबाइलवर व्हिडिओ करा. आणि पैसे सगळे आधी? मुळीच नाही.

दागिने, पेन्शनचे कागद, औषधं ट्रकात नाहीत. मी चष्म्याची जास्तीची जोडी ट्रकात टाकली आणि हातातली गाडीत बसताना फुटली. सहा दिवस पेपर शेजाऱ्याकडून वाचून घेतला.

---

जांभा :

एक राहिलं. ट्रकवाल्याला पत्ता देताना शेवटचा रस्ता किती रुंद आहे ते सांगा. कोल्हापूरकडून आंबा घाट उतरून मोठी गाडी शहरापर्यंत येईल, पण गल्लीच्या तोंडाशी उभी राहील. तिथून टेम्पो करावा लागतो आणि त्याचं भाडं कुणी द्यायचं यावर भांडण ठरलेलं. पाखाडीच्या घराला तर टेम्पोही उपयोगाचा नाही. पलंग खांद्यावरून, ५२ पायऱ्या!

---

निवृत्त_बाबू :

मॅडम, कागदांचं माझ्याकडे सोपवा. :)

कार्ड सोडू नका. ते देशातल्या कुठल्याही सीजीएचएस शहरात चालतं. रत्नागिरी त्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी सोयीचा पर्याय असा : ओपीडीऐवजी महिन्याला १००० रुपये वैद्यकीय भत्ता घ्यायचा आणि भरती व्हायची वेळ आली तर कार्ड वापरायचं. त्यासाठी पेन्शनच्या कागदांत पत्ता बदलून अर्ज द्यावा लागतो. हा हिशेब गोड वाटतो, पण तुमचं महिन्याचं औषधांचं बिल काढून बघा. बीपी-शुगर दोन्ही असेल तर हजार रुपये कधीच संपतात.

पेन्शनला धक्का लागत नाही, त्याच बँकेची रत्नागिरीची शाखा अर्जाने करून घ्या. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. मतदार यादीसाठी आता फॉर्म ८. गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून अनामत घ्या आणि कागद जपून ठेवा, नवीन गावी तोच लागेल.

स्कूटर विका. एनओसी, महाराष्ट्राचा टॅक्स, एमएच ०८ ची नवी पाटी, भोपाळमधला उरलेला टॅक्स परत मिळवायला खेटे... दहा वर्षांच्या गाडीसाठी कशाला?

घरमालकाकडून ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी केलेलाच घ्या. पुढे गॅस, बँक, आधार सगळीकडे तोच पत्त्याचा पुरावा.

---

शेवग्याची_शेंग :

ताई, मी विधवा आहे, दापोलीला एकटी राहते. 'बरोबर कोण येणार' हा प्रश्न मलाही आला. मी म्हटलं, पुस्तकं. त्याने घर दिलं नाही, पण दुसऱ्याने दिलं. मालक वरच्या मजल्यावर राहत असेल तर वयस्कर बाईने वाईट मानू नये. रात्री ताप चढला तर दार वाजवायला कुणीतरी हवं. एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा. आणि दूधवाल्याशी आधी ओळख करा. दोन दिवस पिशवी तशीच राहिली की पहिली चौकशी तोच करतो. लांज्याची बहीण दुसऱ्या दिवशी पोचेल.

---

तळ्याकाठची :

सगळ्यांचे मनापासून आभार. दूधवाल्याचं वाचून थोडा वेळ गप्प बसले.

ठरलं असं : चिपळूण रद्द. जूनमध्ये दोन बॅगा घेऊन मंगलाने जाते, पावसाळा काढते. जमलं तर दसऱ्यानंतर ट्रक, तोही पूर्ण, पार्ट लोड नाही. स्कूटर खालच्या मजल्यावरच्या मुलाने आजच मागितली. औषधांचं बिल काढलं, महिन्याला १४०० निघालं. निवृत्त_बाबू, म्हणजे भत्ता घेऊन वरचे ४०० मी घालायचे, बरोबर?

बंब येतोय. भावाला कळवलंय.

---

निवृत्त_बाबू :

बरोबर. पण बंबाला जळण कुठून आणणार? गॅसवर तो चालत नाही हो.

---

जांभा :

करवंट्या! शेजारी नुसतं विचारा, पोत्याने देतील. पावसाळ्यापूर्वी भरून ठेवायच्या मात्र, ओल्या झाल्या की नुसता धूर.